दाव्याचं दुसरं टोक

आर्मांदीनची शनिवारची सकाळ ठरलेली असायची. बेकरीतून लांबडा पाव घ्यायचा, तो काखोटीला मारायचा, आणि दुसऱ्या हातात ओलं फडकं घेऊन जुन्या धुण्याच्या घाटाजवळच्या वळणावर जायचं. तिथं फोटोचा फलक आहे, माणसाच्या उंचीचा. समुद्राकडून वारा येतो, त्यातलं मीठ फोटोवर बसतं, आणि आठवडाभरात सगळ्या सैनिकांचे चेहरे पांढुरके होतात, पिठाच्या डब्यात डोकं घालून आल्यासारखे. आर्मांदीन ते पुसायची. कुणी विचारलं, काय चाललंय, तर म्हणायची, "पोरांची तोंडं धुतेय. यांच्या आया काही इथं यायच्या नाहीत."

तशी फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या आमच्या ला ब्रेकेत गावात स्मारकांची वानवा नाही. किनाऱ्यावर रणगाडा आहे, चौकात दगडी खांब आहे, चर्चच्या भिंतीवर नावं आहेत, पुलाला कुठल्याशा कॅप्टनचं नाव आहे. पाय दुखले म्हणून कुठं टेकावं म्हटलं तरी आधी बघून घ्यावं लागतं, कुणाच्या नावावर तर बसत नाही ना. जून आला की बसगाड्या भरून लोक येतात, फोटो काढतात, फोटोंचेही फोटो काढतात. त्यांना आर्मांदीन फार आवडायची. डोक्याला रुमाल, हातात फडकं, काखेत पाव. कितीतरी परदेशी घरांच्या भिंतींवर आज ती टांगलेली असेल. ते म्हणायचे, बघा, या गावची माणसं आपल्या मुलांना अजून विसरली नाहीत. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं.

कुणी जरा थांबून बघितलं असतं तर कळलं असतं. सैनिकांवरून ती दोनदा फडकं फिरवायची आणि झालं. तिचा हात रेंगाळायचा तो फोटोच्या डाव्या कडेला.

फोटो असा आहे. रस्त्याकडेच्या बुटक्या भिंतीवर काही सैनिक बसलेत. एकजण लोखंडी टोपीतून दूध पितोय आणि बाकीचे त्याला हसतायत. डावीकडं एक बाई उभी आहे, पाठमोरी, डोक्याला चौकड्यांचा रुमाल. तिची मान जरा वळलेली, म्हणून रुमालाखालून एक कान दिसतो आणि थोडासा गाल. शेजारी गाढव, गाढवाच्या दोन्ही अंगांना पितळी घागरी. गाढवाच्या मोरखीला दावं आहे, ते ताणलेलं आहे, आणि ताणलेलं तसंच चौकटीपर्यंत जाऊन संपतं. पुढं काही नाही. पत्र्याची कड, आणि तिच्या पलीकडं गवत.

त्या दाव्याचं दुसरं टोक आर्मांदीनच्या हातात होतं.

बारा वर्षांची होती ती तेव्हा. आई कधीच गेलेली. बाप लढाईच्या सुरुवातीलाच पकडला गेला, तो जर्मनांच्या मुलखात बटाटे खणत होता. घरात थोरली बहीण नोएमी, धाकटी आर्मांदीन, थोड्या गायी आणि बिजू नावाचं गाढव. नोएमी स्वतःच विशीची नव्हती, पण आर्मांदीनची वेणी घालण्यापासून कान उपटण्यापर्यंत सगळं आईपण तिच्याच हातात. दोघी सकाळ-संध्याकाळ कुरणात जायच्या. नोएमी धार काढायची, घागरी लादायची, दूध हिंदकळू नये म्हणून घागरींच्या तोंडात गवताची मूठ कोंबायची. आर्मांदीननं दावं धरायचं. बिजूला पुढून कुणी ओढल्याशिवाय तो पाऊल टाकायचा नाही, आणि ओढणारी आर्मांदीनच लागायची. दुसऱ्या कुणी दावं धरलं की हा रस्त्यात बसकण मारायचा. नोएमी म्हणायची, एका गाढवाला दुसऱ्याचंच पटतं.

जर्मनांना हुसकायला दोस्तांचं सैन्य समुद्रातून उतरलं त्या सकाळी आभाळ फाटल्यासारखं गरजत होतं. अख्खं गाव तळघरांत जीव मुठीत धरून बसलेलं. नोएमी उठली आणि म्हणाली, गायींची कास तटतटली असेल. शेजारणींनी तिला धरून ठेवलं, वेड लागलंय का म्हणून बोलल्या. ती म्हणाली, "मला कळतंय हो. पण हे गायींना कोण समजावणार?" आणि आर्मांदीनला म्हणाली, चल, दावं धर.

त्या दिवशी दोघींच्या केसाला धक्का लागला नाही. घर मात्र जळालं. कपाटावर एक पत्र्याचा डबा होता, त्यात आईचा फोटो, आईबापाच्या लग्नाचा फोटो, आणि नोएमीचा चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीचा, पांढऱ्या झग्यातला. डब्यासकट सगळ्याची राख झाली.

मग गावातून सैनिकांच्या रांगा जायला लागल्या. दमलेली, धुळीनं माखलेली पोरं. नोएमी रोज वळणावर थांबायची आणि ज्याच्या हातात जे भांडं असेल त्यात दूध ओतायची. अशाच एका सकाळी गळ्यात कॅमेरा अडकवलेला एकजण आला, गुडघ्यावर बसला, आणि खटकन फोटो काढून पुढं गेला. कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

ऑगस्टात लढाई लांब सरकली. लोकांना वाटलं, सुटलो. त्या दिवशी आर्मांदीन पावाच्या रांगेत उभी होती, म्हणून नोएमी बिजूला चुचकारत, शिव्या देत एकटीच खालच्या कुरणात गेली. कुरणात जर्मनांनी सुरुंग पेरलेले होते, ते सगळे काढलेत असं सांगितलं होतं. एक राहिला होता. बिजू एकटाच परत आला. पाठीवर एकच घागर, दावं मातीतून फरफटत. ज्या गाढवाला ओढल्याशिवाय चालता येत नव्हतं ते आपलं आपण दारात येऊन उभं राहिलं. आर्मांदीननं वाकून दावं उचललं. ते दुधानं भिजलेलं होतं. त्या दिवसातलं तिला तेवढंच आठवायचं.

बाप परत आला तो लेकीच्या कबरीवरच. त्यानं गवंड्याकडून दगड करवून घेतला. आमच्याकडं दगडात एक अंड्याच्या आकाराची खाच ठेवतात, त्यात चिनी मातीच्या तुकड्यावर छापलेला मेलेल्या माणसाचा फोटो बसवतात. बापानं खाच करवली. गवंडी म्हणाला, फोटो कुठाय? बाप म्हणाला, मिळेल. मावशीकडं असेल, आतेभावाकडं असेल, शाळेत असेल. त्यानं पायाला भिंगरी लावून सगळीकडं विचारलं. कुणाची घरं जळलेली, कुणाचे फोटोच कधी निघाले नव्हते. बाप गेला तरी खाच रिकामीच. पावसाचं पाणी तिच्यात साठायचं, चिमण्या येऊन प्यायच्या. आर्मांदीन रविवारी जाऊन ते पाणी रुमालानं टिपून घ्यायची.

ती चीजच्या कारखान्यात लागली. आम्ही सगळ्या तिथंच, ओल्या फरशीवर, हातात पळी घेऊन साच्यांत दही ओतत उभ्या. आर्मांदीनची जीभ तिखट, हात भराभर चालायचा. मुकादमाला ती म्हणायची, "तुमच्यापेक्षा आमचं गाढव बरं होतं, ते निदान माझं तरी ऐकायचं." लग्न झालं, दुधाच्या गाडीवरचा ड्रायव्हर होता, गरीब स्वभावाचा. तोही लवकर गेला. मूलबाळ नाही. आपल्या दुःखाचं गाणं तिनं कुणापुढं गायलं नाही. फक्त कधीमधी पळी हातात तशीच राहायची आणि ती म्हणायची, मला नोएमीचे हात आठवतात, आवाज आठवतो, ती रागावली की कशी श्वास घ्यायची ते आठवतं. तोंड आठवत नाही. डोळे मिटले की रुमाल दिसतो आणि रुमालाखाली धुकं.

सैन्य उतरल्याला चाळीस वर्षं झाली तेव्हा तो फलक उभा राहिला. कुठल्याशा संग्रहालयातून फोटो मागवला होता. उद्घाटनाला बँड होता, म्हाताऱ्या सैनिकांच्या छातीवर बिल्ले होते. आर्मांदीन मागून आली, गर्दीतून वाट काढत पुढं गेली आणि तिनं वर बघितलं. बिजू. बिजूच्या एका कानाचं ते वाकडं टोक. नोएमीची पाठ. आणि ते दावं.

तोंड उघडून ती काही बोलणार, तेवढ्यात शेजारी कुणीतरी हमसून रडायला लागलं. बघते तर देझिरे.

देझिरे म्हणजे वळणासमोरच्या कॅफेचा मालक. बेर्तचा मुलगा. बेर्त त्या जूनमध्ये कामाला शहरात गेली होती, वरून बाँब पडले, आणि ती ज्या गल्लीत होती ती गल्लीच राहिली नाही. ना देह सापडला, ना कबर. देझिरे तेव्हा दोन वर्षांचा, रांगणं सोडून नुकता धावायला लागलेला. त्याला क्लेमाँसमावशीनं वाढवलं. आईचा फोटो नाही, आठवण नाही, दगड नाही. आणि ती क्लेमाँस, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेली, फलकासमोर उभी राहून त्याचा दंड धरून म्हणत होती, "तीच ती. तुझी आई. रुमाल बघ ना, मीच तिला दिला होता."

रुमालाचं काय घेऊन बसलात. त्या काळी एक फेरीवाला यायचा, त्याच्याकडच्या एकाच ताग्यातून अर्ध्या गावाचे रुमाल फाडलेले. पाठमोऱ्या बाईला कोण ओळखणार? ज्या जुन्या माणसांनी ओळखलं असतं ती कधीच मातीत गेलेली. आर्मांदीननं देझिरेकडं बघितलं. चाळीशी उलटलेला दांडगा पुरुष, आणि ओठ लहान पोरासारखे थरथरत होते. तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली. मनात म्हणाली, आज नको. उद्या सांगेन.

तो उद्या काही उगवला नाही. त्या वर्षी सर्व संतांच्या सणाला सगळे आपापल्या माणसांच्या कबरींवर शेवंतीच्या कुंड्या ठेवायला गेले, आणि देझिरेनं जन्मात पहिल्यांदा कुंडी विकत घेतली. ती फलकाखाली आणून ठेवली. पिवळीधमक. ठेवून टोपी काढून उभा राहिला. आता याला काय सांगणार?

म्हणून आर्मांदीननं फडकं हातात घेतलं. बोलता येत नाही, पण पुसता तर येतं. देझिरेची कुंडी नोएमीच्या लाकडी बुटांसमोर यायची, ती पायानं हळूच बाजूला सरकवायची. देझिरे कॅफेच्या दारातून बघायचा आणि ओरडायचा, "आर्मांदीनताई, माझ्या आईला घासून घासून पुसूनच टाकाल हो!" ती म्हणायची, "तुझ्या कॉफीपेक्षा स्वच्छ ठेवते तिला." मग तो कॉफी द्यायचा, त्यात सफरचंदाच्या दारूचा थेंब टाकायचा, आणि दोघं खिडकीतून त्या एकाच पाठीकडं बघत बसायची. तो म्हणायचा, आई त्या सैनिकांकडं बघून हसत असेल नाही, गाल बघा कसा वर आलाय. आर्मांदीन हूं म्हणायची. तेच तर तिला टोचायचं. गाल वर आलेला तिनंही बघितला होता. इतकी वर्षं तिला वाटायचं, नोएमी त्या परक्या पोरांना हसतेय, आणि मी इकडं दावं ओढून मरतेय.

अशी वीस वर्षं गेली. वही मिटू नकोस, हे नीट लिही हं, कारण खरं ते इथून पुढं आहे.

साठ वर्षांच्या सोहळ्यासाठी फलक नवा करायचं ठरलं, जुना उन्हानं पिवळा पडला होता. सरपंच होती सिल्वियान, कामाला वाघीण. तिनं संग्रहालयाला लिहिलं, तर त्यांच्याकडून नवा, स्वच्छ फोटो आला. आणि देझिरे पंचायतीत सभासद, त्यानं मागणी केली की यंदा त्या बाईच्या खाली तिचं नाव घाला. बेर्त. एवढीच माझी मागणी, म्हणाला. सगळ्यांना पटलं. मंगळवारच्या सभेत पक्कं व्हायचं होतं.

शनिवारी सिल्वियाननं आर्मांदीनला कार्यालयात हाक मारली. "तुम्ही इतकी वर्षं पुसताय, म्हणून आधी तुम्हालाच दाखवते," म्हणाली आणि फोटो टेबलावर ठेवला. "गंमत बघा. जुन्या फलकासाठी कुणीतरी फोटो कापला होता. हा अख्खा आहे."

आर्मांदीननं खाली बघितलं. तीच भिंत, तीच पोरं, तेच गाढव. दावं ताणलेलं, आणि आता ते संपत नव्हतं. पुढं जात होतं, आणि त्याच्या टोकाला एक मुलगी होती. अंगात ढगळ कोट, एक मोजा घसरून घोट्यावर आलेला, टाचा जमिनीत रोवून मागं झुकलेली, दातांत जीभ, सगळा जीव त्या दाव्यात. आणि नोएमी तिच्याकडं बघत होती. सैनिकांकडं नाही. तिच्याकडं. तो गाल तिच्यासाठी वर आला होता.

"ही पोर कोण असेल हो?" सिल्वियाननं विचारलं.

आर्मांदीन म्हणाली, "चष्मा घरी राहिला."

चष्मा तिच्या गळ्यात दोरीला लोंबत होता. सिल्वियाननं तो बघितला, आर्मांदीनचं तोंड बघितलं, आणि फोटो पाकिटात घालून तिच्या हातात दिला. मंगळवारपर्यंत ठेवा, म्हणाली.

घरी आर्मांदीननं तो फोटो पाण्याच्या मगाला टेकवून टेबलावर उभा केला आणि त्याच्यासमोर जेवली. तोंड अजूनही दिसत नव्हतं, कान आणि गालच. पण आता तिला ठाऊक होतं की ते तोंड कुणाकडं वळलेलं आहे. तिच्या मनात त्या कबरीवरची खाच आली. बापानं मिळेल म्हटलेलं होतं, आणि हे मिळालं. आता नाही बसवला तर कधी? तिच्यामागं त्या कबरीकडं बघणारं कुणी नव्हतं. मंगळवारी ठरलं की नोएमीच्या पायाखाली दुसऱ्या बाईचं नाव लागणार, ते पत्रा गंजेपर्यंत तिथंच राहणार. आणि खरं सांगितलं, तर देझिरेच्या हातून त्याची आई दुसऱ्यांदा जाणार. नोएमीला निदान कबर होती, चिमण्या पाणी पिणारी का होईना. त्याच्याकडं ती पाठ सोडून काय होतं?

रविवारी तिनं तांदूळ, दूध, दालचिनी घालून खीर भट्टीत लावली, दुपारभर मंद आचेवर ठेवली, वर चांगली जाड तपकिरी साय धरली. ते भांडं फडक्यात बांधून ती कॅफेत गेली. गिऱ्हाईक नव्हतं.

"आज खीर?" देझिरे म्हणाला. "कोण मेलं?"

"अजून कोणी नाही. बस."

ती बसली, तो बसला, आणि तिनं पाकिटातून फोटो काढून त्याच्यापुढं सरकवला. तो आधी खूश झाला. आई किती स्वच्छ आलीय, म्हणाला. मग त्याचं बोट दाव्यावरून सरकत गेलं आणि टोकाला थांबलं.

"ही कोण?"

"मी," आर्मांदीन म्हणाली.

मग त्यानं चाचपडल्यासारखं विचारलं, बेर्त तुमच्याकडं कामाला यायची का? नोएमी त्या दिवशी आजारी असेल, तिच्याऐवजी माझी आई आली असेल, असं होऊ शकतं ना? लढाईचे दिवस, कुणीही कुणाचं काम करायचं. इतक्या आशेनं विचारलं त्यानं. हो म्हणायला काय लागत होतं? एक शब्द. तो आर्मांदीनच्या ओठांवर आलासुद्धा. पण समोर फोटोत नोएमी तिच्याकडं बघत होती.

"नाही रे देझिरे," ती म्हणाली. "बेर्त गाढवाला घाबरायची."

देझिरेनं मान वर केली. "तुम्ही माझ्या आईला ओळखत होता?"

"गावात कोण नव्हतं ओळखत?"

"आणि मला कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी विचारलंस? तुझ्याकडं फोटो होता."

तो उठला. फोटो तिच्याकडं ढकलला. खिरीचं भांडंही ढकललं. त्याला बोलायचं होतं ते तो तिच्याकडं पाठ करून बोलला, की वीस वर्षं माझी कॉफी प्यायलात, वीस वर्षं मला वेड्यासारखं त्या फलकापुढं टोपी काढून उभं राहू दिलंत. आता घरी जा. आर्मांदीन उठली. खीर तिथंच ठेवली. तिला रस्ता नीट दिसत नव्हता, पण पायांना पाठ होता.

सोमवारी ती कुठं बाहेर पडली नाही. मनाशी म्हणत होती, आता सभेला सुद्धा जायला नको, घालू देत काय नाव घालायचं ते. दुपार उलटल्यावर दार वाजलं. देझिरे होता. हातात घासलेलं खिरीचं भांडं. आत ये म्हटलं तरी येईना. उंबऱ्याबाहेरच उभा, भांड्याकडं बघत.

"घाबरायची म्हणजे," त्यानं विचारलं, "कशी घाबरायची?"

आर्मांदीननं त्याचा हात धरून त्याला आत ओढलं आणि खुर्चीत बसवलं. मग सांगायला लागली. बेर्त पाद्रीबाबांच्या कॉलरी इस्त्री करायची, तिच्या अंगाला सदा गरम कापडाचा वास. पुढच्या दातांत फट होती, म्हणून हसताना तोंडावर हात धरायची, आणि हसायची तर सारखीच, म्हणजे एक हात कायम कामातून गेलेला. दुसऱ्या हाताला कडेवर देझिरे. बिजू लांबून दिसला की ती रस्ता ओलांडून पलीकडं जायची, आणि तिकडून ओरडायची, "नोएमी, तुझ्या त्या नवऱ्याला घट्ट धर!" एकदा बिजू नुसता ओरडला, तर ही लेकरासकट धुण्याच्या घाटात उतरली, गुडघाभर पाण्यात. नोएमी हसून हसून भिंतीला टेकली. बेर्तही पाण्यात उभी राहून हसत होती, तोंडावर हात धरायचा विसरून.

"आणि मी?" देझिरेनं विचारलं.

"तू टाळ्या पिटत होतास. तुला गाढव फार आवडायचं."

देझिरे रडला, हसला, त्यानं नाक पुसलं. म्हणाला, फट कुठल्या दातांत? आर्मांदीननं आपल्या दातांवर बोट ठेवून दाखवलं. त्यानं जिभेनं आपले दात चाचपले. त्याच्याही तिथंच फट आहे. आरशात रोज बघत आला होता.

मंगळवारी सभेत त्यानंच हात वर केला. सांगितलं, माझी मागणी चुकीची होती, ती बाई नोएमी आहे आणि ती पोरगी तुमच्यासमोरच बसलीय, तिचा मोजा आता वर आहे. लोक हसले. नव्या फलकावर अख्खा फोटो लागला, खाली दोघींची नावं, आणि आर्मांदीनच्या हट्टानं बिजूचंही.

मग ती शहरात चिनी मातीवर फोटो छापणाऱ्याकडं गेली. तो म्हणाला, आजी, यात चेहरा कुठाय, कबरीवर चेहरा लावतात. ती म्हणाली, आहे तेवढा लाव. खाचेत मावेल एवढंच घेतलं: रुमाल, कान, गाल, बिजूची मोरखी, आणि दाव्याचा एक तुकडा कडेपर्यंत गेलेला. बापाची खाच भरली. चिमण्यांना नंतर काही दिवस कळेना, येऊन चोची आपटायच्या. आर्मांदीन रविवारी जायची, पाणी टिपायचं काम उरलं नव्हतं, म्हणून बसून राहायची. म्हणायची, नोएमी, अजून थोडी वळ ना. एवढीशी.

शनिवारी फलक पुसून झाला की ती कॅफेत जायची आणि देझिरे म्हणायचा, घाटातली गोष्ट सांगा. तीच ती, दर वेळी. कधी ती चुकून बेर्तला पायात वेगळे बूट घालायची, तर तो दुरुस्त करायचा, जणू तोच तिथं उभा होता.

गेल्या हिवाळ्याआधीच्या हिवाळ्यात आर्मांदीन गेली. तिला नोएमीच्या शेजारीच ठेवलं. तिनं आधीच सगळं सांगून ठेवलेलं: दुसरा दगड, दुसरी खाच, आणि पाकिटात चिनी मातीचा दुसरा तुकडा. त्यात ती ढगळ कोटातली मुलगी, दातांत जीभ, हातात दावं. दोन्ही खाचा शेजारी-शेजारी आल्या की दावं एका दगडातून दुसऱ्यात जाईल असा तिचा हिशेब. पण गवंडी नवा होता, त्यानं खाच बोटभर खाली घेतली. दावं जुळत नाही. बघणाऱ्याला वाटतं, मधल्या फटीत कुठंतरी ते सैल पडलंय. देझिरे गवंड्याशी भांडायला निघाला होता. मग म्हणाला, राहू दे, बिजू अडून बसला असेल.

आता शनिवारी फलक तो पुसतो. सैनिकांवरून दोनदा फडकं, आणि डाव्या कडेला वेळ. सर्व संतांच्या सणाला त्याची शेवंतीची कुंडी अजून येते, पिवळीधमक, पण फलकाखाली नाही. तो ती रस्त्याच्या पलीकडं ठेवतो, समोरच्या बाजूला, गाढवापासून लांब.